शेजारचं नेटवर्क

राउटर ही माणूसघाणी जात. घरातला बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरच्या अनोळख्याला दारातूनच परत. अशा दोन राउटरांमागच्या यंत्रांना मध्यस्थाशिवाय एकमेकांशी बोलतं करायचं, याला आमच्या धंद्यात एनएटी ट्रॅव्हर्सल म्हणतात. बुटीबोरीच्या एका कारखान्यातला कॅमेरा मालकाच्या फोनवर थेट दिसावा, हे काम माझ्या गळ्यात होतं. जमलं तर नोकरीत कायम, नाही तर घरी.

चाचणीला दोन वेगळी नेटवर्कं लागतात. एक आमचं होतंच. दुसरं म्हणून मी शेजारच्या काकूंच्या बैठकीत कॅमेरा मांडला. पहिल्याच फटक्यात आमच्या घरात, माझ्या फोनवर काकूंचा सोफा, त्यावर वाळत टाकलेले टॉवेल, सगळं लख्ख दिसलं. मी असा फुगलो की थेट जोडणी न जमल्यास चित्र पोचवायला, अडीअडचणीसाठी ठेवलेला मधला सर्व्हरही बंद करून टाकला. साहेबांना म्हणालो, त्याची गरजच नाही.

बुटीबोरीत मालकाच्या हातातला फोन काळाठिक्कर.

"काहीच तं दिसून नाही राहिलं," मालक म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि शनिवारपर्यंत मुदत दिली.

घरी येऊन तपासलं, तर काकूंचा टीव्ही, काकांचा फोन, सगळे आमच्याच वायफायवर! घरी आधी जोडून पाहिलेला कॅमेराही तिथे आपोआप त्यालाच चिकटला होता.

"आई, यांना पासवर्ड कोणी दिला?"

"मीच देल्ला. विरजण मागतलं तं देतो नं आपण? मंग ह्याले काहून नाही म्हणाचं?"

म्हणजे मी स्वयंपाकघरातून बैठकीत हाक मारली होती आणि जग जिंकल्याच्या थाटात मिरवत होतो. दुसरं नेटवर्क शोधायला तळमजल्यापासून वरपर्यंत दारं वाजवली. आईचा हात सढळ. वेगळं नेटवर्क असलेलं एकही घर सापडेना. असा संताप आला, पण काढणार कोणावर? शेवटी एसटीने कुहीला मित्राकडे गेलो. तिथून थेट जोडणी काही केल्या होईना. मुकाट्याने मधला सर्व्हर चालू केला आणि चित्र आलं.

शनिवारी बुटीबोरीतही आलं. मालकाला चित्र दिसण्याशी मतलब, ते कुठून येतं याच्याशी नाही. मी कायम झालो. आईने इमारतभर पेढे वाटले. काकूंनी पेढा तोंडात टाकून माझ्या पाठीवर मायेने हात फिरवला.

"पक्का झाला नं गा? मंग आता मोठा प्लॅन घे. संध्याकाळी माही सीरियल बहुत अटकते."