बाबांचा जीवखडा

कराडच्या एका कॉलेजात मी आदिमानव शिकवते. फळ्यावर दगडी हत्याराचं चित्र काढते आणि सांगते, लाखो वर्षांपूर्वी कृष्णाकाठी कुणीतरी असे दगड घडवले, त्यांनी मांस कापलं, कंद उकरले. आपल्याला असं हत्यार कधी सापडलं नाही, ही खंतही मोठ्या ऐटीत बोलून दाखवायचे.

बाबांना सापडलं होतं. फौजेतून परतल्यावर ते रोज नदीकडे फिरायला जात. एकदा दरडीतून दगड घेऊन आले. "बग की, अंगठा कसा बरोबर बसतुया. कुणीतरी घडवलाय ह्यो."

मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "बाबा, असले गोटे नदीत पैशाला पासरी!"

पुढे दर सणाला ते विचारायचे आणि मी "पुढच्या खेपेला बघते" म्हणायचे. घरच्या माणसाला काय कळतंय, हा माझा तोरा.

यंदा बाबा गेले. चितेपाशी पाण्याचं मडकं ज्या दगडानं फोडतात, तो जीवखडा. गेलेलं माणूस दहा दिवस त्यातच असतं म्हणतात. तो स्मशानातलाच उचलायचा असतो, पण दादानं बाबांनी उशाशी जपलेला तो दरडीतला दगड नेला. "लय जीव हुता त्येंचा त्याच्यावर," म्हणाला.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. कावळा शिवेना. दादानं हात जोडले, "आईला सांभाळतो, बाबा. काळजी करू नगा." कावळे झाडावरच. भटजींनी फडक्यातला जीवखडा काढून त्यावर पाणी घातलं आणि ओल्या दगडावर मला टवके दिसले. दोन्ही अंगांनी उडवलेले, टोकाकडे निमुळते होत गेलेले. मी तो उचलला. अंगठा बरोबर बसला.

"बाबा, तुमचंच खरं हाय," मी मोठ्यानं म्हणाले. "माणसानंच घडवलाय. मीच बघितला न्हाई."

तरी कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

"दे इकडं, सोडायचा हाय," दादा म्हणाला.

कॉलेजात ठेवू, असं ओठांवर आलं होतं. पण दहा दिवस त्यात बाबा होते. मी दिला. दादानं कमरेइतक्या पाण्यात जाऊन तो सोडला.

आता वर्गात कुणी दगड घेऊन आलं, की मी खडू खाली ठेवते आणि आधी तो बघते. अजून तरी सगळे गोटेच निघाले.