बाळाचं उष्टं

वेणीतून गाजर निघालं त्या दिवशी शेवंतीनं ठरवलं, हे काम सोडायचं. उकडलेलं, दोनच दातांच्या तोंडात चघळलेलं, लाळेनं बुळबुळीत झालेलं गाजर. दादरच्या बसस्टॉपवर उभी असताना मानेला काहीतरी गार लागलं म्हणून तिनं हात मागे नेला, तर ते बोटांना चिकटून आलं. तिनं बोटं झटकली, पदराला पुसली, मग त्या पदराचीच किळस आली आणि वरळीला घरी पोचेपर्यंत तिनं तो अंगापासून वीतभर लांब धरला.

आता कुणी म्हणेल, मुलं सांभाळणाऱ्या बाईनं एवढं सोवळं कशाला दाखवावं? शेवंतीनं एकवीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळली होती. परळ-दादर मिळून नऊ मुलं तिच्या देखत चालायला लागली. शी-शू काढताना तिनं कधी नाक मुरडलं नाही. तिला किळस होती ती एकाच गोष्टीची, उष्ट्याची. म्हणून तर तिचं भरवणं दादरभर प्रसिद्ध होतं. मऊ भात, वरण, तूप एकत्र कालवून वाटीत नेमकं पोराच्या पोटात मावेल तेवढंच घ्यायचं. ओठाच्या कडेला आलेलं चमच्यानंच आत सारायचं. सांडायचं नाही, उरवायचं नाही. शेवटचा घास संपला की वाटी न धुता पालथी घालावी इतकी लख्ख. आया एकमेकींना सांगायच्या, शेवंतीच्या हाताला काहीतरी गुण आहे.

हा गुण तिला सासूच्या धाकातून आला होता. लग्न होऊन ती बीडीडी चाळीत आली त्याच आठवड्यातली गोष्ट. नवरा आनंदा जेवून उठला, ताटात अर्धी भाकरी उरली. माहेरी आईला पाहिलं होतं तसं शेवंतीनं ती भाकरी मोडून तोंडात घातली. सासू राधाबाईनं तिचं मनगट धरलं.

"थुक."

"अवो, पण ह्यांचीच हाय."

"आधी थुक म्हणते ना!"

मोरीत थुंकून, चूळ भरून आल्यावर राधाबाईनं तिला समोर बसवलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. खाली मांडणीवर चार ताटं होती, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं. शेवंतीचं तर कालच कोरून आणलं होतं.

"आठ वर्षांची होते," राधाबाई म्हणाली. "पाटलाघरचं लगीन. आमी मांडवाबाहेर उकिरड्यापाशी बसायचं. पंगत उठली की पत्रावळ्या यायच्या आमच्या अंगावर. इकडून कुत्री, तिकडून आमी. मला पुरणपोळीचा तुकडा गावला. कुणीतरी चावलेला, वर पानाची पिचकारी. म्या खाल्ला." तिनं पदरानं ओठ पुसले. "गोड लागला गं. त्येच सांगते. गोड लागला. ती गोडी अजून जिभेवरनं जात नाय, ओकारी येते. ह्या घरात कुणाचं उष्टं खायचं नाय. नवऱ्याचं नाय, पोराचं नाय, देवमाणसाचं नाय. शबुद दे."

शेवंतीनं शब्द दिला. पुढे तिचा मुलगा सम्यक झाला, तेव्हा त्याच्या ताटातलं उरू नये म्हणून ती मापून वाढायला शिकली. तेच माप तिनं दादरच्या घराघरांत नेलं. राधाबाईला जाऊन अकरा वर्षं झाली, पण शब्द काही सासूबरोबर जात नाही.

आणि अशा बाईच्या नशिबी आरोही आली.

आरोही आठ महिन्यांची, गुटगुटीत, खालचे दोनच दात. तिची आई मनवा कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बाप अवधूत कायम दौऱ्यावर आणि घरात अवधूतची आई आनंदीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. पोरगी दोन महिन्यांची असल्यापासून शेवंती तिला सांभाळत होती आणि पोरीनंही जीव लावला होता. सकाळी दारात चप्पल वाजली की पाळण्यातून किंकाळी यायची. मग एके दिवशी मनवानं फ्रिजवर कागद चिकटवला.

"मावशी, आता चमचा बंद. आरू स्वतःच्या हातानं खाणार. काय खायचं, किती खायचं, ते तिचं ती ठरवणार."

"आणि सांडलं तर?"

"सांडणारच! सांडू दे. त्यातूनच शिकतात."

कागदावर यादी होती. वाफवलेलं रताळं बोटाएवढं लांब चिरून. लाल भोपळा सालीसकट. पनीरच्या पट्ट्या, मुगाच्या डाळीचं धिरडं, इडलीचे उभे काप, पिकलेला चिकू, उकडलेलं अंडं. मीठ नाही, साखर नाही. आपल्या दोन बोटांत चिरडलं जाईल इतकं सगळं मऊ. पोरगी ताठ बसलेली हवी आणि ती खात असेपर्यंत तिच्यावरून नजर हलवायची नाही, कारण घास अडकला तर आवाजही येत नाही.

नजर हलवायची नाही, हीच शेवंतीची शिक्षा. तोंड फिरवायची सोय नव्हती. पोरगी रताळ्याची मूठ वळायची आणि बोटांच्या फटींतून पिवळा लगदा वळवळत बाहेर यायचा. तो ती गालावर थापायची, मग कानात. अंड्याचं पिवळं भुवयांवर वाळून पोपडे धरायचं. चिकू तोंडात घोळवून तळहातावर थुंकायचा, त्याच्याकडे कौतुकानं बघायचं आणि पुन्हा तोंडात घालायचा. वर हसायचं. ते हसू पाहून कुणाचंही काळीज विरघळलं असतं, पण शेवंतीच्या घशाशी आंबट यायचं. एकवीस वर्षांत तिनं अन्नाची अशी विटंबना पाहिली नव्हती.

वेणीतल्या गाजराच्या दिवशी सोडायचं ठरवलं होतं, पण काम म्हटलं की काम. महिनाभरात ती त्यातही तरबेज झाली. केळ्याची निम्मी साल तशीच ठेवली तर हातातून सुळकन निसटत नाही, हे तिनंच शोधलं. द्राक्षं उभी चिरून चार फाका करायची. नाचणीच्या उकडीचे बोटाएवढे मुटके वळून तुपावर परतले, तर आरोहीनं दोन सलग संपवले. मनवानं तो मुटका फ्रिजवरच्या यादीत स्वतःच्या अक्षरात लिहिला, तेव्हा शेवंतीला बरं वाटलं. मुख्य म्हणजे पोरगी खरोखर शिकत होती. आधी मूठ वळायची, आता चिमटीत धरायला लागली. शेवंती मनातल्या मनात म्हणायची, घाणेरडी आहेस पण हुशार आहेस.

खुर्चीखाली ती वर्तमानपत्र अंथरायची. जेवण झालं की त्याच्यावरचं सगळं कागदासकट गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची, ताटलीतलंही त्यातच. हे आनंदीबाई रोज सोफ्यावरून बघत होत्या.

"अगं, निम्मं तर तिनं तोंडातसुद्धा घातलेलं नाही. अन्न टाकू नये, शेवंती. पाप लागतं."

"लाळ लागलीय आजी त्याला."

"बाळाची लाळ ती! तिची कसली घाण?"

शेवंती ताटली तशीच ठेवून पोरीचं तोंड धुवायला गेली. त्या शुक्रवारी घरी जाऊन पिशवी उघडली, तर आत जुना आइस्क्रीमचा डबा. झाकण उघडलं. आत पनीरच्या पट्ट्या होत्या, दोन दातांच्या खुणा उमटलेल्या. धिरड्याचा ओलसर चोथा होता. भोपळ्याच्या फोडीला एक बारीक केस चिकटला होता. दिवसभर बंद राहून सगळ्याला आंबूस वास सुटला होता. वर आनंदीबाईंची चिठ्ठी, सुंदर वळणदार अक्षरात: 'वाया जाऊ नये म्हणून दिलं आहे. गरम करून खा.'

शेवंती मोरीत धावली. चूळ भरून बाहेर आली. समोर मांडणीवर राधाबाईचं ताट अजून उभं होतं, नाव घासून पुसट झालेलं. त्याच्या देखत हा डबा घरात आला होता. नवऱ्यानं विचारलं, "काय गं, काय दिलं?" ती म्हणाली, "घाण." डबा तिनं खाली जाऊन रिकामा केला, तीन वेळा घासला.

शनिवारी मनवा घरी असायची. शेवंतीनं डबा तिच्या हातात दिला आणि सरळ सांगितलं, "आजींनी आरूचं उष्टं बांधून दिलं होतं. मी खात नाय. आमच्या घरात उष्टं येत नाय."

मनवाचा चेहरा पडला. "सॉरी हां मावशी. पण तुम्ही नका ना मनावर घेऊ. आईंचं मन वाईट नाहीये. जुन्या वळणाच्या आहेत, वाया गेलेलं बघवत नाही त्यांना, एवढंच. मी बोलते त्यांच्याशी."

ती गोड बोलली आणि लॅपटॉप घेऊन आत गेली. शेवंतीला त्या चोथ्यापेक्षा हे गोड बोलणं जास्त बुळबुळीत वाटलं. मनवा काय बोलली, बोलली की नाही, देव जाणे. बुधवारी पिशवीत पुन्हा तोच डबा निघाला. या वेळी घट्ट शिऱ्यासारखं झालेलं केळं, आणि चिठ्ठी नव्हती. म्हणजे आता ही वहिवाट समजायची.

शेवंतीला त्या रात्री झोप लागली नाही असं काही नाही. ती शांत झोपली. तिचं ठरलं होतं. पोरगी तुटणार म्हणून मात्र तिला सकाळी उठल्यावर रडू आलं.

पुढच्या शनिवारी मनवा आणि आनंदीबाई दोघी घरात होत्या. आरोहीनं मनसोक्त घाण केली. रताळं, भोपळा, मुटका, पनीर. शेवंतीनं तिचं तोंड पुसलं, पण कागद गुंडाळला नाही. ताटलीतलं आणि कागदावरचं एकूणएक तिनं वेचलं, पांढऱ्या बशीत नीट मांडलं, बाजूला चमचा ठेवला आणि जेवायच्या टेबलावर आनंदीबाईंच्या पुढ्यात ती बशी सरकवली. मनवा भात वाढत होती, ती थांबली.

"हे काय?" आनंदीबाई म्हणाल्या.

"आरूचं उरलेलं. वाया जाऊ नये म्हणून. गरम करून देऊ?"

"चेष्टा करतेस?"

"चेष्टा नाय आजी. तुमचीच नात. बाळाची लाळ ती, तिची कसली घाण? तुम्हीच म्हणाला होता."

आनंदीबाई हट्टी. पस्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई, शब्दात सापडल्यावर मागे कशी सरणार? त्यांनी दोन बोटांच्या टोकांनी रताळ्याची फोड उचलली. फोड मधोमध लोंबली आणि लाळेची तार बशीपर्यंत ताणली गेली. त्यांनी ती ओठांजवळ नेली. नाकपुड्या आक्रसल्या, हनुवटी आपोआप मागे गेली. दोनदा प्रयत्न केला. मग फोड बशीत टाकली आणि तोंडातून निघून गेलं:

"शी! मला नाही जमणार बाई असलं."

"मला पण नाय जमत, आजी," शेवंती म्हणाली. "अगदी तस्संच होतं मला."

आनंदीबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या, मग उठून बेसिनपाशी गेल्या आणि साबण लावून लावून हात धुतले. नळ बराच वेळ चालू होता. मनवा मान खाली घालून उभी होती, हातात भाताचा चमचा तसाच.

"माझी सासू आठ वर्षांची असताना दुसऱ्याच्या पत्रावळीतलं खात होती," नळाच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून शेवंती मोठ्यानं म्हणाली. "तिला शी म्हणायची सोय नव्हती. मला आहे. मी सोमवारी येऊ का नको, ते तुम्ही ठरवा."

तिनं पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात खुर्चीतून हाक आली. हाक म्हणजे नुसतं "आं!" आरोहीनं गळ्यातल्या लाळेऱ्याच्या घडीत कुठेतरी दडलेला मुटक्याचा तुकडा शोधून काढला होता. चिमटीत, अगदी दोन बोटांत, नीट धरलेला. अर्धा चघळलेला तो तुकडा तिनं हात लांब करून शेवंतीपुढे धरला आणि दोन दात दाखवून हसली.

मनवा बघत होती. आनंदीबाई ओल्या हातांनी बेसिनपाशी वळून बघत होत्या. शेवंतीला वाटलं, हा खाल्ला तर सगळं मिटेल. सगळ्यांना हायसं वाटेल, डोळे पुसले जातील, सोमवार पक्का होईल. पोरीचा हात तसाच पुढे होता आणि शेवंतीच्या छातीत तुटत होतं.

ती वाकली. तिनं ते चिकट, लाळेनं भिजलेलं मनगट आपल्या हातात घेतलं, पहिल्यांदाच न शहारता, आणि हळूच वळवून पोरीच्याच तोंडाकडे नेलं.

"तुझं हाय ना बाय? मग तू खा."

आरोहीनं क्षणभर विचार केला आणि तुकडा तोंडात टाकला. शेवंती तिथेच उभी राहिली, तो पुरता गिळून होईपर्यंत, नजर न हलवता. मागे आनंदीबाई टेबलापाशी आल्या, बशी उचलली, आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.