भिंतीवर चढणारी बोटं

गावात मला पळणारा माणूस म्हणून ओळखतात. कुरुंद्याच्या अलीकडे आमचं गाव. सकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं कुणी पळताना दिसलं तर तो मीच, हे आता म्हशींनाही माहीत झालंय. वय पन्नाशीला टेकलेलं. सुरुवातीला लोक हसायचे. पारावर बसणारे एक म्हातारे मामा रोज विचारायचे, "काय, पोलीस भरती हाय का?"

"व्हय मामा."

"मंग जरा जोरात पळ. तुझ्यासंगचे पेन्शन घ्यायला निघाले."

पुढे तेच मामा त्यांच्या ढेरी सुटलेल्या जावयाला माझं उदाहरण देऊ लागले. पण मी पळायला का लागलो, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं.

चार वर्षांपूर्वी आमची हळद शिजवून, वाळवून झाली होती आणि पॉलिश चालू होती. वाळलेली हळद पत्र्याच्या मोठ्या ड्रममध्ये भरायची आणि ट्रॅक्टर जोडून ड्रम फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर घासून वरची साल निघते. धूळ इतकी उडते, की पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही. म्हणून सगळे तोंडाला दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, गुंडाळतात. ट्रॅक्टरपासून ड्रमपर्यंत एक लोखंडी शाफ्ट गरगर फिरत असतो. त्याच्यावर पत्र्याचं अर्धगोल झाकण पाहिजे. आमचं झाकण वारंगा फाट्यावरच्या वेल्डरकडून करून आणलेलं होतं, चार बोल्टांचं. ड्रम एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायचा तर दर वेळी ते चार बोल्ट खोलायचे, पुन्हा कसायचे. त्या दिवशी मला कंटाळा आला. झाकण तसंच ट्रॉलीत राहू दिलं आणि ट्रॅक्टर चालू केला.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जवळा बाजारच्या बाजाराला गेला होता. तो दुपारी परत आला, दस्ती तोंडाला गुंडाळली आणि धुळीतून माझ्याकडेच यायला निघाला. बाजारातून माझ्यासाठी भजी आणली होती त्यानं. दस्तीचं टोक शाफ्टमध्ये गेलं. मी क्लच दाबेपर्यंत दस्ती फाटली होती, पण त्याआधी तिनं दादाचा उजवा खांदा आणि हात सोबत ओढून पिळून काढला होता.

मजुरांनी त्याला उचललं आणि गाडीत घालून रस्त्याला लावलं. मी म्हणालो, "तुमी व्हा पुढं, मी ट्रॅक्टर बंद करून येतो." ट्रॅक्टर बंदच होता. मी ट्रॉलीतून झाकण काढलं, शाफ्टवर ठेवलं आणि चारही बोल्ट कसले. पाना दोनदा हातातून पडला. मग मोटारसायकल काढून दवाखान्यात गेलो.

मजूर बाहेरगावचे होते. धुळीत झाकण होतं की नव्हतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "झाकणाच्या फटीतून दस्ती आत गेली. दादानं टोक मोकळं सोडलं होतं." दादाला तर काहीच आठवत नव्हतं. त्यानंही तेच धरलं. आमच्या गावात तेव्हापासून पॉलिशच्या वेळी कुणी दस्तीचं टोक मोकळं सोडत नाही. माझ्या खोट्यातून गाव एवढं तरी शिकलं.

महिन्याभरानं माझ्या छातीत दाटायला लागलं. वसमतला ईसीजीची पट्टी काढली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन आहे. चालत जा, घाम काढा." मी चालू लागलो. चालणं पुरेना, म्हणून पळू लागलो. पळून आलं की घरामागं जोर, बैठका. खोटं का बोलू, फायदा झाला. झोप येऊ लागली. पुढच्या वर्षी हळदीत पाणी साचून निम्मं रान सडलं, तेव्हाही सकाळी बूट घातले आणि पळून आलो. त्या चार-सहा किलोमीटरात डोकं रिकामं व्हायचं. परत येऊन सडकी हळद उपटायला बळ यायचं. व्यायामानं मला उभं ठेवलं. पण उभं राहून मी काय केलं, ते सांगायचंय.

नांदेडच्या डॉक्टरांनी दादाला एक व्यायाम दिला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवायची आणि गोम चढते तशी एकेक बोट वर वर न्यायची. मात्र मागून कुणीतरी खांद्याचा फरा, म्हणजे पाठीवरचं पसरट हाड, दाबून धरायचा, नाहीतर हाताऐवजी सगळा खांदाच उचलला जातो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं होतं, "तुमच्या अंगात ताकद आहे. रोज दोन वेळा तुम्ही धरा. पहिलं वर्ष महत्त्वाचं."

मी व्हय म्हणालो. चार दिवस धरलंही. पण मागे उभं राहिलं की दादाच्या मानेवर दस्तीनं काढलेला वळ डोळ्यांसमोर यायचा. पाचव्या दिवसापासून मी बरोबर त्याच वेळी पळायला जाऊ लागलो. वहिनी चूल सोडून, पिठाचे हात झटकत यायच्या आणि जमेल तसं दाबायच्या. त्यांचा हात पुरत नव्हता. दादाचं बोट छातीच्या वर जाईना. वहिनींनी तिथं खडूनं रेघ मारली होती. ती रेघ तीन वर्षं तिथंच राहिली.

दर दसऱ्याला आमच्याकडे औजारं पूजतात. दादा डाव्या हातानं त्या झाकणाला हळदकुंकू लावायचा आणि म्हणायचा, "हे व्हतं म्हणून वाचलो. नसतं तर मुंडकंच गेलं असतं." मी शेजारी नारळ घेऊन उभा.

गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या गुरुजींनी मला लेकरांपुढे बोलायला बोलावलं. विषय व्यायामाचा. मी म्हणालो, संकट आलं तरी व्यायाम सोडू नका, मनावरचं ओझं उतरतं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत दादा बसला होता. त्याला दोन्ही हात जुळवता येत नाहीत, म्हणून तो डावा हात मांडीवर आपटून टाळी वाजवत होता. सगळे थांबले तरी वाजवतच होता.

दुसऱ्या दिवशी मी पळायला गेलो नाही. भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.

"आज काहून गेला न्हाईस? पाय दुखून राहिला का?" दादानं विचारलं.

"न्हाई. फरा धरतो."

वहिनी चुलीपासून म्हणाल्या, "बाई! भाऊजींना घर दिसलं."

त्यानंतर रोज धरू लागलो. डॉक्टरांना पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, आता पूर्ण नाही येणार, थोडं येईल. ते पहिलं वर्ष मी पळण्यात घालवलं होतं. दोन महिन्यांत बोट रेघेच्या चार बोटं वर गेलं. दादा लेकरासारखा खूश झाला. म्हणाला, "तुझ्या हाताला गुण हाय रे."

ते मात्र मला झेपलं नाही. फरा दाबलेला असतानाच मी बोललो. मागून बोलता येत होतं, तोंड दिसत नव्हतं. झाकण ट्रॉलीत होतं, नंतर मी बसवलं, दस्तीचा दोष नव्हता, सगळं सांगितलं. दादाची बोटं भिंतीवर थांबली. मग हात खाली आला.

"त्या चार बोल्टांना किती वेळ लागतो?" त्यानं विचारलं.

"पाच मिनिटं."

"आन् नंतर बसवले तवा?"

"तेवढाच."

"मी तिकडं गाडीत पडलेलो असताना."

मी व्हय म्हणालो. तो खाटेवर जाऊन बसला. वहिनींनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही.

अकरा दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. मी दोन्ही वेळा भिंतीपाशी जायचो, तो यायचा नाही. त्या अकरा दिवसांत मी पळूनही पाहिलं. पाय चालले, पण डोकं रिकामं झालं नाही.

बाराव्या दिवशी पॉलिशचा ड्रम रानात लागला. मी झाकण बसवलं, चारही बोल्ट कसले. दादा आला. दस्ती बांधलेली नव्हती. पाना त्यानं माझ्या हातातून डाव्या हातानं घेतला, उजव्या हातात धरला आणि एकेक बोल्ट स्वतः कसून पाहिला. उजव्या हाताला जोर नव्हता, पाना घसरत होता. मी पुढं झालो, तर म्हणाला, "हात लावू नको." चारही झाल्यावर तो बाजूला सरला आणि मान हलवली, कर चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडे तोंड करून तो उभा होता. मागे न बघता म्हणाला, "दाब."

मी हात ठेवला.

"नीट दाब. खांदा उचलून राहिला."