हेगमध्ये आभाळ आलं

नेदरलँड्समधल्या बेस्ट या आमच्या गावाहून सकाळची गाडी पकडली. आइंडहोवनला गाडी बदलायची, तिथून थेट हेग. माझा नवरा केदार स्टेशनपर्यंत सायकलवर सोबत आला. "पाठ केलेलं म्हणून दाखवू नकोस, गप्पा मार," म्हणाला. सांगायला काय जातंय त्याचं! त्याच्या नोकरीपायी डिपेंडंट म्हणून इथे आले, त्याला आठ वर्षं झाली. पालकसभा असो की शेजाऱ्यांची कॉफी, मी आपली ऐकणारी. आज मात्र वीस मिनिटं मीच बोलणार होते, तेही डचमध्ये. हेगच्या एका लहान संग्रहालयात ब्रिटिश चित्रांचं प्रदर्शन आलंय. त्यांना गाइड हवेत आणि आज माझी चाचणी होती.

गाडीत थालीपीठाचा घास उतरेना. शेजारच्या आजोबांना एक दिलं, तर त्यांनी त्यावर स्वतःजवळचं कास (चीज) ठेवून खाल्लं. छान लागलं म्हणे. हेगला उतरून मी नेमकी उलट्या दिशेच्या ट्राममध्ये चढले आणि शेवटी धापा टाकत पोचले.

आत पाऊल टाकलं आणि भीतीच पळाली. काय चित्रं होती! पहिल्या दालनात रेशमात गुंडाळलेले राजे आणि सरदार. त्या काळी इंग्लंडचे राजे चित्रकार मागवत ते समुद्राच्या या बाजूकडून. पुढे इंग्रजांचा स्वतःचा हात बसला. मग दारुडे आले, नवराबायकोची भांडणं आली, शेतं आली, आगगाडीचा धूर आला. शेवटी महायुद्धानंतरचे ओरबाडलेले चेहरे. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

गाइडांची प्रमुख मारिया वही घेऊन उभी होती, सोबत दहाएक प्रेक्षक. एका शेताच्या चित्रापाशी मी म्हटलं, "इंग्रजांनी निसर्गचित्राचा 'लँडस्केप' हा शब्दसुद्धा तुमच्या लांडस्खापवरून (निसर्गदृश्य) उचलला." माना डोलल्या. मला हुरूप आला आणि बोलून गेले, "बघा, इथे लुख्त (आभाळ) आलंय."

"आलंय?" मारिया म्हणाली. "आधी कुठे गेलं होतं?"

सगळे हसले. मनातलं मराठी जसंच्या तसं डचमध्ये सांडलं होतं. बोऱ्या वाजला, असंच वाटलं. पण आता माघार कसली?

"माझ्या भाषेत ढग दाटले की आभाळ आलं म्हणतात," मी म्हटलं. "एरवी ते वर असतंच, पण कोण बघतंय? इंग्रज चित्रकारांचंही तसंच झालं. त्यांनी तुमची जुनी चित्रं पाहिली आणि त्यांच्या चित्रांत आभाळ आलं."

कोणी हसलं नाही. लोक पुढे सरकून ढग बघू लागले. मारियाने वही मिटली.

"रविवारी अकरा वाजता या. पहिला गट तुमचा."

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या सांगलीला आईला फोन लावला. तिला सगळं नीट समजून घ्यायचं होतं.

"म्हणजे इंग्रजांची चित्रं, डच लोकांच्या देशात, तू समजावणार?"

"हो, आई."

"मग ते डच लोक काय करणार?"

"ऐकणार," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.