शेंगांच्या वखारीतली चूळ

दिवाणजीनं तांब्या माझ्या हातात दिला आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "भर चूळ. ह्या घमेल्यात थुंक."

सांगलीतली शेंगांची वखार. आम्ही बायका दिवसभर शेंगा फोडायचो. संध्याकाळी सुटताना जिच्यावर संशय, तिनं चूळ भरून दाखवायची. पाण्यात दाण्याचा पांढरा कण दिसला की मजुरी कापायची. संशय रोज माझ्यावरच. कारण मी जाड होते.

लढाईचे दिवस, रेशन चालू. "रेशनावर कुणी असं फुगतं व्हय?" दिवाणजी म्हणायचा. घमेलं स्वच्छ निघालं तरी मालक गादीवरून बोलायचा, "जाडीला कामावर ठेवणं परवडत न्हाई. बसायला दोघींची जागा, खायाला तिघींचं." बायका हसायच्या. मला मजुरी इतरांपेक्षा कमीच.

आम्ही आटपाडीकडचे, दुष्काळी मुलखातले. घरात एक वेळ बाजरीची भाकरी. तरी आई अंगानं अशीच जाड होती, मीही तशीच झाले.

शेजारी सखू बसायची. काटकीसारखी वाळकी. फोडता फोडता मूठभर दाणे तोंडात टाकायची. तिला कधी कुणी चूळ भरायला लावली नाही. उलट मालक म्हणायचा, "हिला चार दाणं द्या रं, वाऱ्यानं उडंल." मी तिच्या मनगटाकडं बघत राहायचे. मला ते मनगट पाहिजे होतं. हेव्यानं माझं पोट जळायचं. मालक ज्या पोटाला नावं ठेवायचा, त्यात दुसरं काही नव्हतंच.

त्या दिवशी मालकीणबाई वखारीत आल्या होत्या. माझ्याएवढ्याच जाड, थोड्या जास्तच. त्यांना पाट मांडला, वारा घातला. एक बाई कुजबुजली, "लक्ष्मी कशी अंगावर दिसती." माझ्या अंगावर मात्र चोरी दिसायची. आणि त्यांच्यासमोरच तांब्या माझ्या हातात आला.

सखूचा गाल अजून हलत होता. तिचं नाव जिभेवर आलं. घेतलं असतं तर मी सुटले असते. पण घमेलं तिथंच राहिलं असतं, नुसतं तोंड बदललं असतं.

मी चूळ भरली. मालकीणबाईंकडं बघितलं. आणि गिळली.

"थुंक म्हटलं न्हवं?" दिवाणजी ओरडला.

"मालकीणबाईंनी आधी थुंकावं. मग मी."

"उद्यापासनं येऊ नगंस," मालक गादीवरून म्हणाला.

"न्हाई येत. पर आजची मजुरी पुरी घेतल्याबिगर जातबी न्हाई."

मी वखारीच्या दारात बसले. दार अरुंद, मी रुंद. बाहेर गाडी जुंपलेली, आत पोती भरलेली. हमाल पोतं पाठीवर घेऊन माझ्यामागं उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, वाट न्हाई." मला उचलायला कुणी पुढं झालं नाही. शेवटी पुरी मजुरी आली. सगळ्यांएवढी.

सखूचा हेवा अजून गेलेला नाही. जाणारही नाही. पण त्यानंतर कुठल्याही कामावर माझ्या पोटाकडं बघून कुणी मजुरी ठरवली की मी त्याच्या दारात बसले. आता गुडघे गेलेत. दारात बसायला गुडघे लागत नाहीत.