पाटी हातातून घ्या

गुरुजींनी तांब्या वाकडा केला आणि माझं गणित पायरीवरून वाहून गेलं.

एरंडोलजवळचं आमचं गाव. स्वातंत्र्य आलं होतं म्हणे. महारवाड्यातून शाळेत जाणारा मी एकटा. बसायचं दाराबाहेर. गणित सोडवायचं, पाटी पायरीवर ठेवायची, मागे सरकायचं. मग गुरुजी पाटीवर पाण्याची धार धरणार. विटाळ गेला की उचलणार. विटाळाबरोबर आकडेही जायचे. ओली काळी पाटी ते वर्गाला दाखवायचे.

"बघा रे, आजही कोरी. लेकाचा डोकंसुद्धा धुऊनच आलाय."

वर्ग हसायचा. मला शून्य. रोज.

बापाला सांगितलं. तो म्हणाला, "तुनं काय जास, पोरा? ठेव ना खाले. आपलं पोट गावना हातमा शे."

चौथीची परीक्षा घ्यायला दिपोटी आले. शाळा तपासणारे मोठे साहेब. पास झालो तर धुळ्याच्या बोर्डिंगात जागा. नापास झालो तर बापामागे मेलेली ढोरं ओढायची.

साहेबांनी गणित घातलं. मी सोडवलं. गुरुजी तांब्या घेऊन दाराशी आले.

"ठेव."

मी ठेवली नाही. म्हणालो, "पाटी हातातून घ्या."

"काय म्हणालास?"

उंबरा ओलांडला. सरळ साहेबांच्या टेबलाकडे. आतली पोरं भिंतीला चिकटली. साहेबांनी खुर्ची मागे ओढली.

"तिथंच थांब! तिथूनच दाखव."

मी पाटी छातीशी धरली. त्यांनी चष्म्यातून पाहिलं.

"उत्तर बरोबर आहे," ते गुरुजींना म्हणाले. "पण कार्ट्याला शिस्त नाही. नापास करा."

संध्याकाळी बापाला चावडीवर बोलावलं. पोरानं शाळा बाटवली म्हणून पाटलाच्या माणसांनी त्याला बैलाच्या चाबकानं फोडलं. घरी आला तो भिंत धरत. मला शिवी दिली नाही. पालथा पडून विचारलं, "उत्तर बरोबर व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग धुळे जाय."

शिक्षणानं माणूस सुधारतो असं सभेत सांगतात. साफ खोटं. गुरुजी ट्रेनिंग करून आलेले. साहेब तर पदवीधर. काय सुधारलं त्यांचं? मला शिक्षणानं एवढंच दिलं, की माझं उत्तर बरोबर असताना कुणी मला नापास केलं तर मान खाली जात नाही. चूक कुणाची, ते मी चारचौघांत बोट दाखवून सांगतो. याच्यासाठीच ते आम्हाला हवंय. उपकार म्हणून नको.

धुळ्यात बोर्डिंगाविना, मिळेल तिथं राहून पुन्हा चौथीत बसलो, माझ्याहून लहान पोरांत. मॅट्रिक झालो. आता सायकलवर चळवळीची पत्रकं बांधून गावोगाव हिंडतो.

परवा दोंडाईचाकडच्या एका गावात गेलो. अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन वर्षं लोटली, तरी आमची पोरं शाळेबाहेर उन्हात. तिथले गुरुजी गोड बोलले, "हळूहळू होईल, भाऊ. गाव दुखवून कसं चालेल?"

गाव दुखेल. दुखू द्या.

सोमवारी आम्ही पोरांना आत नेऊन पुढच्या रांगेत बसवणार. काठ्या निघतील. पोरांच्या आयांना तसं तोंडावर सांगितलं. एक बाई म्हणाली, "पहिली काठी मन्हा आंगवर पडू दे."

एकही पोर बाहेर राहिलं, तर ती शाळा भरू देणार नाही.