पालथ्या तांब्यावरचा पेला

आमच्या गावात भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. शाळा पडली आणि माझं शिकणं तिथंच थांबलं. आता मी जुळे सोलापुरातल्या एका शाळेत खिचडी शिजवते. पाच वर्षांपूर्वी चौथीच्या बाई मला वर्गात घेऊन गेल्या. म्हणाल्या, "मावशी, भूकंपाचं पोरांना सांगा की."

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. भिंत पडली, आजी गेली, एवढं सांगितलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग घाईनं पेल्याचं सांगितलं. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो, तेव्हा आई रोज तांब्या पालथा घालून त्यावर पेला ठेवायची. जमीन हलली की पेला पडणार, आवाज झाला की पळायचं.

चार दिवसांनी एका मुलीची आई शाळेत आली. त्या मुलीनं फ्रीजवर तांब्या-पेला मांडलेला. आईनं चटणीसाठी मिक्सर लावला, पेला खणकन खाली. मुलगी जिन्यात ओरडली, "भूकंप! पळा!" सगळी बिल्डिंग खाली. एका काकांच्या अर्ध्या गालाला साबण.

"आणि वरच्या आजी लोणच्याची बरणी घेऊन आल्या हो! आजोबा वरच, बरणी खाली!" रागवायला आलेली बाई हसून हसून कठड्याला टेकली. मीही पदर तोंडात कोंबला. मग डोळे पुसत ती म्हणाली, "पण मावशी, आता पेला ठेवल्याशिवाय झोपत नाही ती."

माझं हसू तिथंच गेलं. लेकराच्या पोटात मी माझी भीती घातली. पुन्हा वर्गात काही मी गेले नाही.

परवा तीच मुलगी सायकलवरून फाटकाशी आली. नववीत आहे. मी कसंबसं विचारलं, "अजून ठेवतेस का गं पेला?"

"ठेवते की! पण आता मीच पाडते, मावशी. मुद्दाम, सरावाला. सगळे खाली येतात, लई मजा. त्या आजी अजून बरणीच आणतात."

"आणि भीती?"

"पहिल्या वर्षी वाटायची. आता वेळ कुठंय? वरच्या आजोबांना खाली आणायचं काम माझंच ना."

आमच्याही घरी फळीवर तसाच पेला असतो. इतकी वर्षं झाली, घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी आमचे मालक चहा पीत होते. मी पेल्याला हळूच बोट लावलं.

खणकन आवाज झाला. मालक बशीसकट अंगणात. "अगं, बाहेर ये की!"

हसून मी खालीच बसले, उठताच येईना. तर हे मला न्यायला परत आत आले, बशी हातातच.